दुर्मीळ अशनी आणि इरिडियमचे कोटी रुपये: फिरत्या संदेशाला उत्तर

माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात मला एक संदेश पाठवला आणि त्यासोबत शेताच्या बांधावर सापडलेल्या काळ्या दगडाचे छायाचित्रही. संदेशाचा आशय असा: काळा, जड आणि चुंबकाला चिकटणारा दगड म्हणजे दुर्मीळ अशनी (अवकाशातून पडलेला दगड), त्यात २ टक्के इरिडियम हा प्लॅटिनमसारखा मौल्यवान धातू असतो, त्यामुळे किलोला कोटी रुपये मिळतात, तो किरणोत्सारी असल्याने शिशाच्या पेटीत ठेवावा, आणि ‘लॅब टेस्टिंग’चा खर्च आधी भरावा. मामा पैसे भरायला निघाले होते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

इरिडियमचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळी फसवणूक त्याच्यावरच उभी आहे. त्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करायला हवे. अशनींमध्ये इरिडियम पृथ्वीच्या कवचापेक्षा हजारो पटींनी जास्त असते. १९८० साली अल्वारेझ या शास्त्रज्ञ पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या चिकणमातीच्या थरातले जास्तीचे इरिडियम पाहूनच डायनोसॉर नष्ट होण्याच्या काळातल्या आघाताचा निष्कर्ष काढला. पण कवचात ते जवळजवळ नसतेच, म्हणून त्याच्या हजारो पटीही अत्यल्पच ठरतात. कॉन्ड्राइट म्हणजे कधीही न वितळलेल्या पिंडांतले पाषाणी अशनी. त्यांतल्या सर्वांत आदिम अशनीच्या एका किलोत इरिडियम भरते सुमारे अर्धा मिलिग्रॅम. २ टक्के म्हणजे किलोमागे २० ग्रॅम. हा फरक सुमारे चाळीस हजारपटींचा आहे.

त्याहून मोठी चूक ‘दुर्मीळ’ या शब्दाशी जोडलेली आहे. इरिडियम लोखंडाबरोबर राहणारे मूलद्रव्य आहे. एखादा लघुग्रह किंवा ग्रह वितळला की लोखंड खाली बसून गाभा होते आणि जाताना इरिडियमही बरोबर नेते. ऑब्राइट, अँग्राइट किंवा मंगळावरून आलेले शेरगोटाइट हे खरे दुर्मीळ पाषाणी अशनी अशा वितळलेल्या पिंडांच्या वरच्या थरांतले असल्याने त्यांच्यात इरिडियम साध्या कॉन्ड्राइटपेक्षाही फारच कमी असते. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीजवळ पडलेला मंगळाचा अशनी या बाबतीत पृथ्वीवरच्या बेसाल्टाच्या (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाच्या) जवळपास बसतो. थोडक्यात, दगड जितका दुर्मीळ वर्गातला, तितका संदेशातला हिशेब उलटा पडतो.

चुंबकाचेही तसेच. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातमधल्या बनासकांठा जिल्ह्यात दियोदर तालुक्यात पडलेला अशनी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने तपासला आणि तो ऑब्राइट ठरला. हा वर्ग मुख्यतः एन्स्टॅटाइट या जवळजवळ लोहविरहित, फिकट खनिजाचा असतो. संदेशातली चाचणी लावली तर असा दगड नापास होईल. उलट आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी तर चुंबकाला सहज चिकटते.

ऑब्राइटमधले रसायनशास्त्र खरोखर विलक्षण आहे, आणि इरिडियमच्या गोंगाटात ते झाकले जाते याचे मला वाईट वाटते. भारतातला याच वर्गाचा आधीचा अशनी १८५२ साली उत्तर प्रदेशातल्या बस्तीजवळ पडला. त्यात पुढे कॅल्शियम सल्फाइडचे एक नवे खनिज सापडले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून त्याला ओल्डहॅमाइट हे नाव मिळाले. हे दगड घडले तिथे ऑक्सिजन इतका कमी होता की एरवी सिलिकेट (सिलिकॉन व ऑक्सिजनच्या) खनिजांत जाणारे कॅल्शियम गंधकाशी जोडले गेले. लँथॅनमपासून पुढची दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये (एकसारख्या गुणधर्मांच्या धातूंचा गट) हीही कॅल्शियमसोबत गेली, त्यामुळे दगडात नाममात्र असलेल्या या खनिजात त्यांचा मोठा साठा मिळतो. दमट हवेत ते टिकत नाही; म्हणून असा दगड पडल्यावर लगेच कोरड्या जागी ठेवणे महत्त्वाचे असते.

‘लॅब टेस्टिंग’ करून दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. सराफाकडे सोने तपासतात तसल्या क्ष-किरण यंत्राला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम इतके कमी प्रमाण दिसतच नाही, आणि इरिडियमची रेषा (यंत्र ज्या विशिष्ट क्ष-किरणांवरून मूलद्रव्य ओळखते ती खूण) तांबे व जस्ताच्या रेषांना खेटून असल्याने चुकीचा आकडा सहज येतो. लेशमूलद्रव्ये, म्हणजे अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्ये, मोजायला दगडाचा तुकडा विरघळवून वस्तुमान-वर्णपटमापकावर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासावा लागतो किंवा अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करावा लागतो.

शिशाच्या पेटीचा मुद्दा तर निव्वळ घाबरवण्यासाठी आहे. कॉन्ड्राइटमध्ये युरेनियम किलोमागे साधारण ०.०१ मिलिग्रॅम असते. स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या ग्रॅनाइटात ते बहुधा त्याच्या शेकडो पटींनी जास्त असते.