राउल कॅस्ट्रो, 'पहिले हिस्पॅनिक गव्हर्नर': फिरत्या गोष्टीत खरं किती?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचे माजी गव्हर्नर राउल हेक्टर कॅस्ट्रो (१९१६–२०१५) यांची एक गोष्ट अधूनमधून फिरत असते. चोरून सीमा ओलांडलेला मेक्सिकन मुलगा अमेरिकेचा पहिला हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचा) गव्हर्नर झाला, घोटाळ्यामुळे पायउतार झाला आणि ९६ व्या वर्षी निव्वळ कातडीच्या रंगावरून त्याला सीमा पोलिसांनी अडवलं. सोबत कधी क्यूबाच्या राउल कॅस्ट्रोंचा फोटोही चिकटवलेला असतो. ते फिडेल कॅस्ट्रोंचे भाऊ. ॲरिझोनाच्या कॅस्ट्रोंचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही.

'पहिले' हे बिरुद फक्त ॲरिझोनापुरतं खरं आहे. कॅलिफोर्नियात रोमुआल्डो पाचेको १८७५ मध्येच गव्हर्नर होते. मेक्सिकोत जन्मलेले पहिले म्हणावं, तर न्यू मेक्सिकोचे ऑक्टाव्हियानो लाराझोलो आड येतात. मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात जन्मलेले लाराझोलो १९१९ ते १९२१ गव्हर्नर होते. १९७४ च्या ज्या निवडणुकीत कॅस्ट्रो जिंकले, त्याच निवडणुकीत न्यू मेक्सिकोत जेरी अपोडाका निवडून आले. कॅस्ट्रोंना 'पहिले मेक्सिकन-अमेरिकन राजदूत' म्हणतात, तेही चूकच. टेक्सासमधल्या एल पासोचे महापौर रेमंड टेलेस यांना राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १९६१ मध्ये राजदूत म्हणून कोस्टा रिकाला पाठवलं होतं. कॅस्ट्रो एल साल्वाडोरला गेले १९६४ मध्ये, जॉन्सन यांच्या काळात.

आता चोरून येण्याचं. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या कानानेआ या खाणगावात कॅस्ट्रोंचे वडील कामगार संघटनेत होते. त्यापायी तुरुंगवास झाला आणि कुटुंब ॲरिझोनातल्या डग्लसजवळ पर्टलव्हिलला आलं. आजचे नियम त्या काळाला लावले की गफलत होते. मेक्सिकोतून येणाऱ्यांच्या संख्येवर तेव्हा कायद्याने मर्यादाच नव्हती. पश्चिम गोलार्धावर, म्हणजे अमेरिका खंडातल्या देशांवर, ती आली १९६५ च्या कायद्याने. शिवाय कॅस्ट्रो १९३९ मध्ये रीतसर अमेरिकन नागरिक झाले. १९०६ नंतर आलेल्याला नागरिकत्वासाठी देशात आल्याची सरकारी नोंद दाखवावी लागे, म्हणजे ती कॅस्ट्रोंनाही दाखवावी लागली असणार. गव्हर्नरपदासाठी जन्माने नागरिक असण्याची अटही नाही, ती राष्ट्राध्यक्षाला आहे. ॲरिझोनाची राज्यघटना किमान २५ वर्षं वय, १० वर्षं अमेरिकेचं आणि ५ वर्षं राज्याचं नागरिकत्व मागते, बस्स.

अडचण कागदांची नव्हती, नोकरीची होती. शिक्षक होण्याची पदवी हातात असूनही मेक्सिकन म्हणून शाळेत कुणी घेईना. सीमेपलीकडच्या आगुआ प्रिएता गावातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात पाच वर्षं कारकुनी केली, तिथे ऐकायला मिळालं की मेक्सिकोत जन्मलेल्याला परराष्ट्र खात्यात बढती नाही. मग ॲरिझोनातल्या टक्सनला वकिलीची पदवी (१९४९), पिमा काउंटीचे सरकारी वकील, सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश आणि तिथून थेट राजदूत. खात्याने दार बंद केलं आणि राष्ट्राध्यक्षाने वरून नेमणूक केली, हा या कारकिर्दीतला खरा पेच. फिरत्या गोष्टीत नेमका तोच नसतो.

घोटाळ्याच्या दाव्याला थोडा आधार आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. निवडणुकीला मोठी देणगी देणाऱ्या केम्पर मार्ली यांना कॅस्ट्रोंनी १९७६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींवर देखरेख करणाऱ्या आयोगावर नेमलं. पत्रकार डॉन बोल्स यांच्या बातम्यांनंतर मार्लींना ते पद सोडावं लागलं. जूनमध्ये बोल्स यांच्या गाडीत बॉम्ब फुटला आणि ते दगावले. तपासात मार्लींचं नाव चर्चेत राहिलं, पण त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही. नेमणूक वाईटच होती. राजीनामा मात्र त्यानंतर वर्षभराहून अधिक काळाने, २० ऑक्टोबर १९७७ ला आला, कारण राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना अर्जेंटिनाला राजदूत नेमलं होतं. ॲरिझोनात उपगव्हर्नर नव्हता, म्हणून राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट वेस्ली बोलिन गव्हर्नर झाले. ते चार-साडेचार महिन्यांत वारले आणि ब्रूस बॅबिट आले. आणि अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस म्हणजे काही आरामाची जागा नव्हे: व्हिडेलाची लष्करी राजवट, रोज माणसं गायब होत होती आणि वॉशिंग्टनला मानवी हक्कांचा हिशेब हवा होता.

२०१२ ची घटना खरी आहे, कारण चुकीचं सांगितलं जातं. १२ जूनला, वाढदिवसाच्या दिवशी, नोगालेसहून टक्सनला जाताना टुबाकजवळच्या सीमा पोलिसांच्या नाक्यावर किरणोत्साराचा संवेदक वाजला. हृदयाच्या तपासणीत शिरेतून दिलेल्या किरणोत्सारी औषधाचा अंश अंगात होता. अशा तपासणीत टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरला तर तो दर सहा तासांनी निम्मा होतो. थॅलियमला त्यासाठी तीन दिवस लागतात, त्यामुळे रुग्ण कित्येक दिवस यंत्राला 'दिसतो'. यंत्र चेहरा पाहत नाही. म्हणून तर तपासणीची तारीख आणि औषध लिहिलेली दवाखान्याची चिठ्ठी जवळ ठेवायला सांगतात. यंत्र वाजल्यावर ९६ वर्षांच्या माणसाला जूनच्या उन्हाळ्यात गाडीतून उतरवून ताटकळत ठेवणं हा मात्र माणसांचा निर्णय होता, आणि टीका व्हायला हवी ती त्यावर.

रंगावरून अडवल्याचं उदाहरणच हवं असेल तर कॅस्ट्रो स्वतः जुनं एक सांगत. न्यायाधीश असताना ते मळक्या कपड्यांत आपल्या घोड्यांच्या फार्मचं कुंपण रंगवत होते. सीमा पोलीस थांबले, ओळखपत्र मागितलं आणि विचारलं, काम कुणाकडे करतोस?