विंचूदंशाच्या लेखावरचा आक्षेप आणि त्याचं उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की, लाल विंचवाच्या लेखाखाली मी 'बावसकर, बीएमजे' (म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नल हे नियतकालिक) एवढंच लिहिलं, त्यावरून मूळ लेख सापडत नाही. शिवाय मी विंचवाचं शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस लिहितो आणि जुन्या लेखांत नाव वेगळंच दिसतं.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. महाडच्या बावसकर डॉक्टर दांपत्याने या दंशावर कितीतरी लेख लिहिलेत. नुसत्या आडनावावरून वाचकाने कुठला शोधायचा? मला अभिप्रेत होती ती महाडच्या ७० रुग्णांवरची चाचणी: नुसतं प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), की जोडीला प्रतिविषही (विषावरचा उतारा)? तिचा पत्ता: बीएमजे, २०११, खंड ३४२, सी७१३६. शेवटचा आकडा पानाचा नाही, लेखाचा क्रमांक आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या जुन्या अंकांची अडचण निराळी. वर्षाला दोन खंड निघत आणि दोन्हींची पानं १ पासून सुरू होत, म्हणून खंड गाळला की साल-पान देऊनही दोन जागा निघतात. शीर्षक मात्र इंग्रजीच ठेवावं. मराठी केलेलं पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, मिळत नाही.

विंचू एकच आहे. नावाचा पहिला शब्द बदलत गेला: आधी ब्यूथस, मग मेसोब्यूथस, आता हॉटेनटोटा. मजकुरात आजचं नाव, संदर्भात मूळ लेखात छापलेलं, आणि शोधताना तिन्ही टाकून बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी डोसची वाटते. त्या चाचणीत प्राझोसिन किलोमागे ३० मायक्रोग्रॅम होतं. पीडीएफमधून मजकूर उचलला की मायक्रोचं 'म्यू' हे चिन्ह कधीकधी साधं 'एम' होऊन उतरतं, कारण सिम्बॉल फॉन्टमध्ये ते 'एम'च्याच जागी बसवलेलं आहे. फॉन्ट गेला की मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला ०.३ मिलिग्रॅमऐवजी थेट ३००! म्हणून एकक अक्षरांत लिहावं आणि आकडा मूळ पानाशी डोळ्यांनी ताडून बघावा. तो दुसऱ्याच्या लेखातून घेतला असेल तर त्या लेखाचंच नाव द्यावं. न वाचलेल्या मूळ लेखाचं लावणं खोटं आहे.

पाठ्यपुस्तकाला आवृत्ती, प्रकरण आणि त्या प्रकरणाचा लेखक हवा. नवी आवृत्ती आली की पानं सरकतात.

संदर्भ दुरुस्त केला आहे. आधी काय छापलं होतं तेही तारखेसह लेखाखाली ठेवलंय.