क्रियापदाआधी एकच क्रियाविशेषण? इंग्रजीत असा नियम नाही

इंग्रजी शिकणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा फार फिरतो, आणि बरेच शिकवणारेही तो जसाच्या तसा पुढे देतात. तो साधारण असा: क्रियापदाआधी एकच क्रियाविशेषण ठेवा. दोन आलीच तर मध्ये स्वल्पविराम द्या. क्रम कुठलाही चालतो. साहाय्यक आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये, तसंच 'टू' आणि क्रियापदाच्या मध्ये काही घुसवू नका. अडलंच तर 'मॅनर-प्लेस-टाइम', म्हणजे आधी रीत, मग ठिकाण, मग वेळ, हे सूत्र लावा.

यातला जवळपास प्रत्येक तुकडा चुकीचा आहे, आणि त्याने खरं नुकसान होतं. हे पाळणाऱ्याचं इंग्रजी अडखळतं, आणि नकारार्थी वाक्यात तर अर्थच पालटतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'एकच ठेवा'

आधी मराठीकडे बघा. 'त्याला बहुधा अजून ते नीट कळलेलं नाही.' क्रियापदाआधी तीन क्रियाविशेषणं आहेत आणि कुणाला खटकत नाहीत. आता इंग्रजी: 'ही प्रॉबेब्ली स्टिल हॅजन्ट प्रॉपर्ली अंडरस्टुड इट.' तीन शब्द, त्याच क्रमाने. ती एकत्र नांदतात, कारण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. 'प्रॉबेब्ली' बोलणाऱ्याची खात्री किती ते सांगतो, 'स्टिल' स्थिती अजून तशीच आहे हे सांगतो, आणि 'प्रॉपर्ली' समजण्याची तऱ्हा सांगतो. एकाच कामाचे दोन शब्द आले की मात्र गर्दी होते. 'आय अ‍ॅक्च्युअली रिअली वाँटेड इट' मध्ये दोन्ही शब्द जोरच देतात, त्यातला एक काढला तर वाक्याचं काही बिघडत नाही. 'शी हॅड प्रॉबेब्ली नेव्हर सीन इट' मधला 'प्रॉबेब्ली' काढा, अंदाजाचं ठाम विधान होतं. 'नेव्हर' काढा, अर्थ उलटतो. छाटणी करायची ती ही परीक्षा लावून. नुसती संख्या मोजून काही कळत नाही.

तीनपर्यंत सहज चालतं. चौथं आलं की वाक्य जड होतं, पण ते चुकत नाही. तेव्हा रीत सांगणारं शेवटचं क्रियाविशेषण उचलून कर्मानंतर न्यावं: 'दे हॅव प्रॉबेब्ली नेव्हर रिअली टेस्टेड इट प्रॉपर्ली.' हलवायचं ते हेच. 'नेव्हर' किंवा 'रिअली' तसा शेवटी नेता येत नाही. आणि ते क्रियापद व कर्म यांच्या मध्ये ठेवू नये: 'टेस्टेड प्रॉपर्ली इट' हे इंग्रजीच राहत नाही.

'क्रम कुठलाही चालतो'

वरचं मराठी वाक्य उलटं करून बघा: 'त्याला नीट अजून बहुधा ते कळलेलं नाही.' कानाला लगेच टोचतं. इंग्रजीतही तसंच. डावीकडून उजवीकडे साधारण असा क्रम लागतो: आधी बोलणाऱ्याचा शेरा ('फॉर्च्युनेटली', 'ऑब्व्हिअसली'), मग शक्यता ('प्रॉबेब्ली'), मग किती वेळा ('यूज्वली', 'ऑफन', 'नेव्हर') आणि अजून-आधीच-नुकतंच सांगणारे ('स्टिल', 'ऑलरेडी', 'जस्ट'), मग किती प्रमाणात ('कम्प्लिटली'), आणि क्रियापदाला चिकटून रीत ('केअरफुली', 'क्वाएटली'). 'किती वेळा' आणि 'अजून-आधीच-नुकतंच' या मधल्या दोन गटांत थोडी अदलाबदल होते, बाकीच्यांत क्वचितच. इटालियन भाषाशास्त्रज्ञ ग्युल्येल्मो चिंक्वे यांनी १९९९ मध्ये अनेक भाषा तपासून अशी सुमारे ३० पायऱ्यांची उतरंड मांडली. त्यांच्या मते ती सर्व भाषांत सारखीच असते. तपशिलांवर वाद आहेत, पण मराठी बोलणाऱ्याचा कान या बाबतीत इंग्रजीला बराच जवळचा आहे, हे वरच्या जोडीवरून दिसतंच.

काही जोड्यांत मात्र उलटा क्रमही शुद्ध असतो आणि अर्थ बदलतो. तिथे चूक पकडणं सर्वांत अवघड. 'ही नीअर्ली ऑल्वेज मिसेस द ट्रेन' म्हणजे त्याची गाडी बहुतेक वेळा चुकते. 'ही ऑल्वेज नीअर्ली मिसेस द ट्रेन' म्हणजे दरवेळी गाडी चुकता चुकता राहते, पण मिळते. 'नीअर्ली', 'ऑल्मोस्ट', 'क्वाइट' हे शब्द आपल्या लगेच उजवीकडच्या शब्दाला धरतात. त्यामुळे 'ऑल्मोस्ट नेव्हर' हे दोन शब्द असले तरी रांगेतला मणी एकच.

नकाराची जागा

या ठोकताळ्यात नकाराचा उल्लेखही नसतो. मराठी माणसाची सर्वांत जास्त फसगत होते ती नेमकी इथे. मराठीत 'नाही' बहुधा शेवटी बसतं. 'त्याने मुद्दाम फोन उचलला नाही' आणि 'त्याने मुद्दाम कप फोडला नाही' या दोन वाक्यांची ठेवण एकच आहे. पहिल्यात न उचलणं मुद्दाम आहे, दुसऱ्यात फोडणं मुद्दाम नव्हतं. फरक आपण संदर्भाने ओळखतो. इंग्रजी तो जागेने दाखवते. 'ही डेलिबरेटली डिडन्ट अँसर द फोन': क्रियाविशेषण नकाराच्या आधी, म्हणजे नकारच मुद्दाम. 'ही डिडन्ट डेलिबरेटली ब्रेक द कप': क्रियाविशेषण नकारानंतर, म्हणजे मुद्दामपणा नाकारला, कप मात्र फुटलेला आहे. नकार आपल्या उजवीकडच्याला गिळतो, एवढं धरून चाललं तरी बरंच साधतं.

म्हणूनच 'आय रिअली डोन्ट लाइक इट' म्हणजे मला ते मुळीच आवडत नाही, आणि 'आय डोन्ट रिअली लाइक इट' म्हणजे तितकंसं आवडत नाही. पहिलं वाक्य एखाद्याच्या कामाबद्दल लिहून गेलं आणि म्हणायचं दुसरं होतं, तर माणूस दुखावतो. काही शब्दांना नकाराच्या उजवीकडे जागाच नसते: 'डझन्ट प्रॉबेब्ली नो' नाही, 'प्रॉबेब्ली डझन्ट नो'. तसंच 'हॅजन्ट स्टिल कम' नाही, 'स्टिल हॅजन्ट कम'. 'येट' मात्र नकारानंतरच येतो आणि बहुधा शेवटी: 'हॅजन्ट कम येट'.

'दोन आली की स्वल्पविराम'

मध्ये 'अँड' घालून बघा. 'स्लोली अँड केअरफुली' जमतं, म्हणून 'ही स्लोली, केअरफुली ओपन्ड द बॉक्स' मधला स्वल्पविराम योग्य आहे. दोन्ही रीतच सांगतात. 'प्रॉबेब्ली अँड ऑलरेडी' जमत नाही, म्हणून 'शी हॅड प्रॉबेब्ली ऑलरेडी लेफ्ट' मध्ये स्वल्पविराम येत नाही. एवढीच परीक्षा पुरते.

'साहाय्यक क्रियापद तोडू नका'

हा सल्ला अगदी उलटा आहे. साहाय्यक क्रियापद असलं की क्रियाविशेषणांची नेहमीची जागा पहिल्या साहाय्यकानंतरचीच: 'शी हॅज ऑलरेडी लेफ्ट.' साहाय्यकं दोन-तीन असली तर रांग त्यांच्यात वाटली जाते. 'द रिपोर्ट शुड प्रॉबेब्ली हॅव बीन मोअर केअरफुली चेक्ड' हे वाक्य जवळून बघा. शक्यतेचा शब्द पहिल्या साहाय्यकापाशी, रीतीचा मुख्य क्रियापदापाशी, मध्ये 'हॅव बीन'. 'केअरफुली' उचलून 'शुड' नंतर ठेवला की वाक्य डगमगतं. दोन्ही मिळून 'शुड' च्या आधी ठेवली तर आणखीच. अपवाद वर पाहिलेल्या नकारार्थी वाक्यांचा आणि तुटक उत्तरांचा: मुख्य क्रियापद गळलं की क्रियाविशेषण साहाय्यकाच्या आधी जातं, 'शी ऑल्वेज हॅज.'

'टू' बद्दलचा नियमही असाच. 'टू' नंतर क्रियाविशेषण ठेवण्याची रीत मध्ययुगीन इंग्रजीतही सापडते. तिच्यावर इंग्लंडमधले धर्मगुरू हेन्री अल्फर्ड यांच्यासारख्यांचे आक्षेप आले ते एकोणिसाव्या शतकात, त्यांचा १८६४ मध्ये. नियम पाळायला गेलं की गोंधळ होतो: 'ही डिसायडेड प्रॉम्प्टली टू रिटर्न द मनी' मध्ये ठरवणं तत्काळ की परत करणं तत्काळ? 'टू प्रॉम्प्टली रिटर्न' म्हटलं की प्रश्नच उरत नाही. आणि 'टू मोअर दॅन डबल द आउटपुट' यातलं 'मोअर दॅन' दुसरीकडे ठेवायला जागाच नाही. एवढं मात्र मान्य करायला हवं की 'टू' नंतर एकच क्रियाविशेषण छान बसतं. 'टू ऑल्वेज फुली चार्ज द बॅटरी' पेक्षा 'टू ऑल्वेज चार्ज द बॅटरी फुली' बरं.

'मॅनर-प्लेस-टाइम'

सूत्र खरं आहे, पण ते क्रियापदानंतरच्या शब्दांचं: 'शी वर्क्ड क्वाएटली इन द लायब्ररी यस्टरडे.' क्रियापदाआधी ते आरशात बघितल्यासारखं उलटतं. वारंवारता आधी, रीत नंतर: 'शी यूज्वली क्वाएटली अग्रीज.' दोन्ही बाजूंना रीतच क्रियापदाच्या जवळ राहते. शिवाय ठिकाण आणि नेमकी वेळ यांना क्रियापदाआधीच्या रांगेत सहसा प्रवेश नसतो. 'मी काल त्याला भेटलो' चं 'आय यस्टरडे मेट हिम' होतं ते इथेच. 'यस्टरडे' वाक्याच्या एका टोकाला जायला हवा. कर्तरी वाक्यात 'वेल', 'हार्ड', 'फास्ट' हेही सहसा क्रियापदाआधी येत नाहीत: 'ही प्लेज वेल', 'ही वेल प्लेज' नव्हे. आणि 'मला खूप आवडतं' वरून बेतलेलं 'आय व्हेरी लाइक इट' चुकतं ते 'व्हेरी' थेट क्रियापदाला लागत नाही म्हणून. त्याला मध्ये 'मच' लागतो: 'आय व्हेरी मच लाइक इट.' तिथेही क्रियापदाआधी शब्द दोन आहेत, आणि दोन्ही लागतातच.