टेक्सासची विलंबित लय

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरी एक मोठे लाकडी खोके आले, आणि त्यानंतरच्या पाच महिन्यांत चारचौघांत माझी जी शोभा झाली, तिचे खापर नेमके कोणाच्या डोक्यावर फोडावे, हे माझे अजून ठरलेले नाही. ह्यूस्टनमध्ये पस्तीस वर्षे काढलेल्या माझ्या मावसभावाने तिथले घर विकायला काढले होते. घर आवरताना त्याला आपले तारुण्य अडगळीच्या खोलीत सापडले आणि ते टाकवत नाही म्हणून त्याने माझ्याकडे पाठवून दिले. खोक्यात तबकड्या वाजवायचे, पट्ट्यावर चालणारे एक टर्नटेबल होते आणि साठेक एलपी, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकड्या होत्या. बहुतेक एलपींची वेष्टणे पाहून आईने मला बाजूला घेऊन, "ही माणसं बरी आहेत ना रे?" असे विचारले होते.

माणसे माझ्या जुन्या ओळखीची होती. १९८४ साली मी सांगलीला वसतिगृहात राहून शिकत असताना याच भावाने मला नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून पाठवली होती. माझ्याकडे तेव्हा चार मोठ्या सेलवर चालणारा टू-इन-वन होता. सेल महाग आणि खिसा रिकामा, त्यामुळे उतरलेले सेल दिवसभर खिडकीत उन्हाला ठेवायचे आणि रात्री दिवे गेल्यावर ती कॅसेट लावायची, असा माझा नेम होता. अंधारात कुठून तरी खोल विहिरीतून यावा तसा तो आवाज येई, गिटार चिखलातून बैलगाडी जावी तशी रुतत रुतत पुढे सरके, आणि मला आपण काही तरी फार गहन ऐकत आहोत अशी खात्री पटे. पुढे त्या कॅसेटवर थोरल्या मामांनी हरिपाठ भरून घेतला आणि तो विषय चाळीस वर्षांसाठी मिटला.

मनाला गुंगी आणू पाहणाऱ्या या संगीताला सायकेडेलिक म्हणतात. आमचे शेजारी मात्र शेवटपर्यंत 'सायकलडेलिक'च म्हणत राहिले. तो शब्द पुढे किती खरा ठरणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९६५ च्या अखेरीस 'थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स' नावाचा बँड उभा राहिला आणि १९६६ साली ह्यूस्टनच्या 'इंटरनॅशनल आर्टिस्ट्स' या कंपनीने त्यांची पहिली एलपी काढली. आपल्या संगीताला सायकेडेलिक हा शब्द उघडपणे लावणाऱ्या अगदी पहिल्या बँडांपैकी हा एक. गाणारा रॉकी एरिक्सन तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता. त्यांचे सर्वांत गाजलेले गाणेही अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५५ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले आणि मग बँड विस्मरणात गेला. १९७२ साली लेनी के या गिटारवादकाने अशा विसरलेल्या गाण्यांचा 'नगेट्स' नावाचा दोन तबकड्यांचा संग्रह काढला आणि त्यात ते गाणे घेतले, तेव्हापासून जगभरचे हौशी लोक अडगळी उपसू लागले. माझ्या वाट्याला तर अडगळच घरपोच आली होती.

अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची आणि आपल्याकडे २३० ची, एवढे मला ठाऊक होते. यंत्र जळू नये म्हणून मी दुकानातून विटेएवढा जाड आणि विटेहून जड असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला आणि आपण शास्त्रीय खबरदारी घेतली या समाधानात टर्नटेबल सुरू केले. ट्रान्सफॉर्मर खालच्या पट्टीत अखंड गुणगुणत असे. दोन दिवस मी तो तंबोरा रेकॉर्डमधलाच समजून चाललो होतो. यंत्राच्या तबकाच्या कडेला ठिपक्यांची एक रांग होती आणि तिच्यावर एक छोटा निऑनचा दिवा लकलकत असे. तबक योग्य गतीने फिरत असेल तर त्या दिव्याच्या उजेडात ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. माझे ठिपके शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे स्तब्ध होते. सुई टेकली, आणि १९८४ सालचा तोच आवाज, तीच खोल विहीर, तीच रुतलेली बैलगाडी! माझ्या डोळ्यांत पाणी आले.

पाणी आणखी एका ठिकाणी आले, असे आईला वाटले. या बँडमध्ये टॉमी हॉल नावाचा एक गृहस्थ जग वाजवत असे. जग म्हणजे आपली घागरच म्हणायची. तिच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून तो आत घुमवत राही आणि गाण्याच्या मागे सतत गुडगुड-गुडगुड असा आवाज चाले. माझ्या यंत्रावर ती गुडगुड इतकी जाड आणि सावकाश येई की स्वयंपाकघरातून हाक यायची, "अरे, नळाला पाणी आलंय बघ!" ज्या घरात पाण्याच्या वेळेवर सगळा दिवस बेतलेला असतो, तिथे ही हाक म्हणजे हुकूम. मी चार वेळा बादली घेऊन धावलो. पाचव्या वेळी, "अगं आई, ती घागर टेक्सासची आहे," असे सांगून मी बसून राहिलो, आणि नेमके तेव्हा पाणी खरोखरच आले होते व हौद भरून अंगणभर वाहिले. बायकोचा आक्षेप वेगळा होता. ती दोन-तीन दिवस शांतपणे ऐकून म्हणाली, "अहो, या माणसाला बरं नाहीये का? औषध घेऊन झोपेतून उठल्यासारखा गातोय." मी तिला सायकेडेलिक संगीतातील अबोध मनाचे स्थान समजावून सांगितले. तिने कुकर लावला.

माणसाला एखादी गोष्ट सापडली की ती एकट्याने भोगणे जमत नाही. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी आमच्या माडीवर श्रवणसत्र सुरू केले. संगीताचे जाणकार म्हणून पेठेत दबदबा असलेले एक निवृत्त प्राध्यापक, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले दोघे मित्र आणि कांदेपोह्यांवर निष्ठा असलेले शेजारी, असा आमचा दरबार भरे. या आडवाटेच्या संगीताला मी लावलेला 'अंडरग्राउंड' हा शब्द ऐकून शेजाऱ्यांनी प्रथम ड्रेनेजच्या तक्रारीचा विषय काढला, तो मी मोठ्या मनाने बाजूला ठेवला. 'रेड क्रेओला' या ह्यूस्टनच्याच बँडची १९६७ ची एलपी मी लावली. तिच्यात गाण्यांच्या मधल्या जागेत सुमारे ५० मित्रमंडळींनी हाताला लागेल ते वाजवले आहे. ती ऐकून शेजारी म्हणाले, "हे आपल्याला नवीन नाही, विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडला फुकट ऐकायला मिळतं." आपल्याकडेही १९७० आणि १९७१ साली 'सिमला बीट' स्पर्धेतल्या भारतीय बँडांच्या एलपी निघाल्या होत्या आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात, हेही मी सांगून टाकले.

परंतु माझा मुख्य सिद्धांत लयीचा होता. ज्या गावात अल्लादियाखाँ साहेबांसारखा गवई दरबारी होता आणि जिथे देवल क्लब ही गायनसंस्था १८८३ पासून उभी आहे, त्या गावात लयीवर बोलताना जीभ जपून वापरावी, हे मला कळायला हवे होते. तरीही मी एका रविवारी, "जगातल्या रॉक संगीताची द्रुतगतीकडे धाव चाललेली असताना टेक्सासच्या या पोरांना विलंबिताचे मर्म सापडले होते," असे विधान केले, गायकाच्या आवाजातला खर्ज हा साधनेशिवाय येत नाही असे त्याला जोडले, आणि प्राध्यापकांनी डोळे मिटून मान डोलावल्यावर तर या विषयावर एक जाहीर व्याख्यान द्यायचेही कबूल केले. १९ वर्षांच्या पोराने एवढी साधना केव्हा केली असेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

व्याख्यानाला दहा दिवस उरले असताना टर्नटेबलचा रबरी पट्टा तुटला. शिलाई मशीनचे दुकान, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा गंगावेशीतला शेवटचा शिलेदार, लक्ष्मीपुरीतले रबरी मालाचे दुकान असे करत शेवटी कोल्हापूरकर जिथे जातो तिथे, म्हणजे शिवाजी उद्यमनगरात पोहोचलो. ऑइल इंजिनापासून ओतकामापर्यंत काहीही घडवणाऱ्या त्या गल्ल्यांत एका लेथवाल्या मिस्त्रींनी माझ्यासाठी पट्टा शोधून दिला, आणि "चालतंय का बघूया की" म्हणून यंत्र तिथेच, लोखंडाच्या चुऱ्यात, एका बाकावर सुरू केले. मी खिशातून रेकॉर्ड काढावी तशा लगबगीने पिशवीतून एलपी काढली. मिस्त्रींनी अर्धे गाणे ऐकले, हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "साहेब, ह्ये गाणं चाललंय का निजलंय?"

मी अबोध मनाकडे वळणार, एवढ्यात त्यांनी तबकाच्या कडेला खडूने एक रेघ मारली, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत फेरे मोजले आणि विचारले, "किती फिराय पायजे?" मी म्हणालो, "मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश." ते म्हणाले, "पावणेअठ्ठावीस फिरतंय. मोटर कुठली?" अमेरिकेची, असे सांगताच त्यांनी बाजूच्या पोराकडे पाहून, शिकवणी घेतल्यासारखे सांगितले, "तिकडं लाइन साठ सायकलची, म्हंजे वीज सेकंदाला साठ हेलकावं खाती. हितं पन्नास. ही मोटर लाइनच्या सायकलवर पळती. सहाला पाच झालं." "पण मी ट्रान्सफॉर्मर लावलाय," मी क्षीणपणे म्हणालो. "त्यो व्होल्ट उतरवतोय, साहेब. सायकल त्याला न्हाई बदलता येत."

शेजाऱ्यांचे सायकलडेलिक अशा रीतीने सिद्ध झाले. अडीच मिनिटांचे गाणे माझ्याकडे तीन मिनिटे चालत होते. स्वरांचेही तेच, पेटीच्या काळी चारमध्ये गाणारा माणूस माझ्या माडीवर पांढरी चारच्याही किंचित खाली उतरत होता. तो खर्ज साधनेचा नव्हता, वीज मंडळाचा होता. आणि ते प्रार्थनेला उभे असलेले ठिपके? निऑनचा दिवाही त्याच तारेवर लकलकत होता. तबक सहाला पाच या हिशेबाने मंदावले होते, दिव्याची लकलकही सहाला पाचच झाली होती, तेव्हा ठिपके स्थिर दिसणारच. साक्षीदार आरोपीच्याच घरी जेवायला होता. सर्वांत मोठा घाव मला घरी जाताना, बिंदू चौकात सिग्नलला थांबलेलो असताना बसला: १९८४ साली उतरलेल्या सेलवर ती कॅसेटसुद्धा अशीच रखडत चालत होती. म्हणजे ज्या आवाजावर मी चाळीस वर्षे प्रेम केले, तो ऑस्टिनमध्ये कोणी कधी काढलाच नव्हता. त्याची निर्मिती सांगलीत माझ्याच खिडकीत झाली होती.

मिस्त्रींनी पितळेची नवी पुली, म्हणजे मोटरवरची पट्टा फिरवणारी चकती, कातून दिली. जुन्या पुलीचा व्यास १० मिलिमीटर, तेव्हा नवी १२ ची, असे मला सरळ वाटले होते. पण त्यांनी पट्ट्याची जाडी हिशेबात धरून ती १२.१२ वर आणली आणि बोटाने कडा तपासून पुन्हा एक हलका हात फिरवला. माझ्या व्याख्यानाच्या टिपणांत एवढी काटेकोर ओळ एकही नव्हती. घरी येऊन मी दार लावून पहिली एलपी लावली. काय सांगावे! विहिरीतून आवाज नव्हता, बैलगाडी नव्हती; एक कोवळा पोरगा गळ्याच्या शिरा ताणून, सोडून गेलेल्या मुलीला बजावत होता की तुला माझी आठवण येईल, आणि मागे गिटार सुसाट सुटली होती. ती घागरही गुडगुडत नव्हती, तापलेल्या कबुतरासारखी घुटुर्र-घुटुर्र करत होती. बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बरा झाला वाटतं." ठिपके मात्र आता, गती अचूक झाल्यावर, पिसाळल्यासारखे पळत होते.

व्याख्यान मी घशाच्या विकाराचे कारण देऊन रद्द केले. रविवारच्या दरबारात सगळे खरे सांगावे या निश्चयाने नवी पुली लावून एलपी सुरू केली. शेजाऱ्यांनी ताल धरला. प्राध्यापकांचा चेहरा मात्र पडला. "गहनता गेली," ते म्हणाले. मी साठ आणि पन्नास समजावले, खडूची रेघ दाखवली. त्यांनी सर्व ऐकून घेतले, चष्मा सावरला, तबकाच्या कडेला वाकून पाहिले आणि थंडपणे म्हणाले, "तुमच्या मिस्त्रींनी यंत्र बिघडवलेलं दिसतंय. ठिपके पाहा." मी पुन्हा समजावले. ते म्हणाले, "मी पाच महिने जे ऐकलं, ते काही खोटं नव्हे."

ते खरेच होते, त्यामुळे मला उत्तर सुचेना. हल्ली रविवारी दहाच्या आधी मी मुकाट्याने जुनी पुली चढवतो आणि दुपारी सगळे गेल्यावर नवी. पुली बदलायला आता मला तीन मिनिटे लागतात, म्हणजे खऱ्या गतीने अडीच. परवा प्राध्यापक डोळे मिटून बसले होते, ठिपके स्तब्ध होते आणि घागर गुडगुडत होती, तेवढ्यात खालून हाक आली, "अरे, नळाला पाणी आलंय बघ!" मागचा हौद आठवून मी उठलो. पाणी खरेच आले होते. मी पितळी घागर नळाखाली धरली. माडीवरची गुडगुड आणि ही गुडगुड क्षणभर एकाच पट्टीत लागली, आणि मग घागर भरत गेली तशी माझी पट्टी चढत चढत पुढे निघून गेली. किती चढली, ते मिस्त्रींना विचारावे लागेल.