मी अकरा वेळा वाचलं होतं

मी ते मानपत्र अकरा वेळा वाचलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवापासून घरी, शाळेत आणि चहाच्या टपरीवर सगळे मला एकच विचारायलेत, "सर, वाचलं नव्हतं का?"

आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. मानपत्र मराठीच्या मास्तराने लिहायचं, ही शाळेची जुनी प्रथा. फ्रेमचे पैसे कुणी द्यायचे, याची प्रथा अजून पडायचीय. तर लिहिलं, टाइप करून घेतलं, प्रुफावर सही ठोकली आणि परवा दुपारी अडीचला परभणीतल्या एका छापखान्यात फ्रेम घ्यायला गेलो. कार्यक्रम चारला. लाईन गेलेली. पोरगा पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता.

काउंटरच्या पलीकडे, पोराशेजारी स्टुलावर एक आजोबा होते. नातवाच्या जावळाची पत्रिका छापायला आलेले. वेळ जाईना म्हणून त्यांनी माझ्या मानपत्राच्या काचेवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. फ्रेम माझ्याकडे तोंड करून, म्हणजे त्यांना सगळं उलटं. माझी शेवटची ओळ ती त्यांची पहिली.

"वि... नी... त. विनीत. हे विनीत कोन? तुमी का?"

"नाही हो. विनीत म्हणजे नम्र."

"मंग तसं लिवावं की."

मी घड्याळ बघितलं. आजोबा एकेक अक्षर जात्यात घातल्यासारखं दळत होते. दहा मिनिटांत चार ओळी. मध्ये तंबाखू मळली, बोट धोतराला पुसलं, पुन्हा काचेवर त्याच जागी ठेवलं. आणि मग, "अ-ने-क पि-ढ्यां-ना मा-र दा-ख-व-ला." बोट थांबलं. "सर, मार दाखिवला?"

"मार्ग," मी म्हणालो.

"न्हाई. मार."

"आजोबा, मार्गच आहे. तुम्हाला उलटं दिसतंय."

"उलटं दिसायलंय म्हनून तर दिसायलंय!"

मी वाचलं. मार्ग. पुन्हा वाचलं. मार्ग. देवाशपथ सांगतो, नसलेला 'ग' मला डोक्यावरच्या रफारासकट दिसत होता. आजोबांनी माझं बोट धरून काचेवर टेकवलं, बाळाला पाटीवर गिरवायला लावतात तसं, तेव्हा कुठे तो नाहीसा झाला. मार. अनेक पिढ्यांना मार दाखवला.

"कोनाचं हाय हे?" त्यांनी विचारलं. मी मुख्याध्यापकांचं नाव सांगितलं. आजोबांचा चेहरा उजळला. "हे गुर्जी व्हय! मह्या थोरल्याला हेच व्हते. मंग बरूबर हाय की सर! फकस्त 'दाखिवला' चुकलंय. दाखिवला न्हाई, दिला. तेवढं 'दिला' करा."

पोराने तोवर ड्रॉवरमधून माझं सहीचं प्रूफ काढून समोर ठेवलं. बोलला काही नाही. बोलला असता तर निदान भांडता आलं असतं. त्याच ओळीत पुढे, "डॉक्टर, वकिल घडवले" मधल्या 'वकिल'ची पहिली वेलांटी मी लाल पेनाने खोडून दुसरी केली होती. काकपद घालून एक स्वल्पविरामही वर टांगला होता. 'मार' आणि 'वकील' यांच्यात दीड इंच अंतर असेल.

वकील दीर्घ, पण वकिलाला ऱ्हस्व. सून दीर्घ, पण सुनेला ऱ्हस्व. हे मी तीस वर्षं शिकवतोय. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 चे. 1972 मध्ये आणखी 4 आले, म्हणजे आमच्याकडे दुष्काळात लोक सुकडी आणि मिलोवर जगत होते तेव्हा तिकडे नियमांचं पीक बरं होतं. असे 18 नियम मला झोपेत पाठ आहेत आणि त्यातला एकही परवा कामाला आला नाही. कारण 'मार' शुद्ध आहे. मार निर्दोष आहे! कॉम्प्युटरही त्याच्याखाली लाल रेघ ओढत नाही.

घरी मुलीने अक्कल शिकवली: लिहिलेलं दोन दिवस बाजूला ठेवायचं, मोठ्याने वाचायचं, फॉन्ट बदलून वाचायचं, शेवटून सुरुवात करायची. बाजूला ठेवायचं म्हणाल तर पैठणला नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती शके 1506 मध्ये, म्हणजे ग्रंथ चांगला तीनशे वर्षं बाजूला राहिल्यावर. आणि तीही दुसऱ्याची. स्वतःचं तपासायची वेळ आली की नाथांनाही 'ग' दिसला असता, असं मी मुलीला म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, नाथांना मध्ये आणू नका."

पण पूर्वी छापखान्यात यासाठी माणूस असायचा की नाही? एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रुफावर खुणा करायचा, आणि त्या कामाचा त्यांना पगार असायचा. आता लिहायचं मी, तपासायचं मी, सही माझी, बोलणी मला. वर फ्रेमचे साडेसहाशे अजून माझ्याच खिशातून गेलेत. कुणी विषयसुद्धा काढत नाही.

लाईन काही आली नाही. बनी तो बनी, नाहीतर परभणी म्हणत तसंच नेलं. व्यासपीठावर मी खणखणीत 'मार्ग' वाचला, पण नववीच्या एका कार्ट्याने फोटो काढला होता. तो आता माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली हात जोडल्याच्या खुणा आणि "अगदी खरं."

काल रात्री मुख्याध्यापकांचा फोन आला. "सर, मानपत्र बैठकीत लावलं. दोनदा नीट वाचलं. एक चूक राहिलीय, रागावू नका."

माझ्या पोटात गोळा आला.

"वकीलची वेलांटी पहिली पाहिजे होती."

"हो सर," मी म्हणालो. "नजरचूक."