काचेवरची माउली

सेकंड हँड गाडी घेतली तेव्हा दलालाने स्टेपनी, जॅक, पाना सगळं मोजून ताब्यात दिलं. मागच्या काचेवरचा विठोबा तेवढा मोजला नाही. कमरेवर हात, खाली ठळक अक्षरांत ‘माउली’. आधीचा मालक माळकरी असणार. आणि मी सोमवार-गुरुवार सोडून उरलेले पाच दिवस मासे खाणारा.

पहिल्याच आठवड्यात वडाळ्याच्या सिग्नलला मागचा टॅक्सीवाला आरशात हात जोडताना दिसला. मघाशी उगाच हॉर्न मारला म्हणून माफी मागतोय, असं समजून मी मोठ्या मनाने मान डोलावली. पुढच्या सिग्नलला तेच, दुसरा टॅक्सीवाला. तिसऱ्या नमस्काराला उजेड पडला. तोवर दोन नमस्कार मी परस्पर खाल्ले होते.

लोक काचेवर काय काय लावतात! गड-किल्ले, पोरांची नावं, ‘प्रेस’. तो भगवा-काळा हनुमान तर दर चौथ्या गाडीवर असतो. कासरगोडकडच्या करण आचार्य नावाच्या कलाकाराने २०१५ मध्ये गावातल्या पोरांच्या झेंड्यासाठी काढला आणि देशभर पसरला. लोक त्याला रागीट म्हणतात. त्याच्या मालकाचं बरं आहे, चिडायची सोय आहे. माझ्या काचेवर ‘माउली’. परवा एका टेम्पोने माझा आरसा पार मुडपला. मी काच खाली करून, छाती भरून, गिरणगावात शिकलेली एक अस्सल शिवी ओठांपर्यंत आणली. टेम्पोवाल्याने काचेकडे पाहिलं आणि कान धरले. “चुकलो माउली.” शिवी तशीच घेऊन घरी आलो. रात्रभर छातीत जळजळ.

स्टिकर काढायला गेलो, तर गॅरेजवाल्याने ब्लेड हातात घेतलं, वर पाहिलं आणि ब्लेड खाली ठेवलं. “आतून चिकटवलंय साहेब, डिफॉगरच्या तारा उडतील.” कारण खरं होतं, पण चेहरा वेगळंच सांगत होता. घरी आईचा एकच प्रश्न, “विठोबाला खरवडणार तू?” विषय संपला.

तसं १ जून ते ३१ जुलै माझं आणि काचेचं छान जमतं. मासेमारी बंद, त्यात आषाढी. एकसष्ट दिवस मी काचेला शोभेल असा वागतो. (सुकटीची चटणी मी यात धरत नाही.) ऑगस्ट लागला की पंचाईत. डिकीत सुरमई, तिच्यावर काच, काचेवर देव.

म्हणून बायकोने तोड काढली. गोपी टँक मंडईला जायचं, तर गाडी उलटी लावायची, काच भिंतीकडे. गेल्या रविवारी मी गुपचूप रिव्हर्स घेत होतो. तेवढ्यात पार्किंगवाला धावत आला आणि डिकीवर थापा मारत ओरडायला लागला, “येऊ द्या माउली! येऊ द्या! अजून या माउली!”

अख्खी मंडई वळून बघायला लागली. मान खाली घालून नेहमीच्या कोळणीपुढे उभा राहिलो. तिने सुरमई पाटावर घेतली, कोयता उचलला आणि अगदी अदबीने विचारलं,

“माउली, डोकं ठेवू की उडवू?”