पाहुणे अ‍ॅडमिट करून घेताना

निरोगी माणसाला रुग्णालयाची भारी हौस. ज्याला परवाच टाके काढून घरी सोडलंय, त्याला स्पिरिटच्या नुसत्या वासाने घाम फुटतो. ज्याला उभ्या आयुष्यात एक टाका पडलेला नाही, त्याला मात्र किडनी ट्रेमधून सॅलड खाण्यात केवढी गंमत वाटते! तुम्ही या दुसऱ्या गटातले असाल आणि आठ-दहा मित्रांना रुग्णालयाच्या थीमवर जेवायला बोलावून 'अ‍ॅडमिट' करून घ्यायचा बेत डोक्यात शिजत असेल, तर मागे हटू नका. दुखणं विकत घ्यायचंच तर ते पारखून घ्यावं, एवढ्यासाठी हा सल्ला.

सुरुवात आमंत्रणापासून. ते औषधाच्या चिठ्ठीसारखं गिचमिड अक्षरात लिहा. कुणी वेळ ७ वाचेल, कुणी ९. निम्मे पाहुणे तुम्ही आंघोळीला गेलेले असताना येतील, उरलेले सूप गार झाल्यावर. खाली 'आदल्या रात्री १२ नंतर तोंडात काही घालू नये' अशी तळटीप हवीच. ज्यांना विनोद कळतो ते हसतील. एखादा भाबडा ती खरी मानून दिवसभर उपाशी राहील आणि दारातच भोवळ येऊन बसेल; वातावरणनिर्मिती आयतीच झाली.

सोबत केसपेपर. नाव, वय, वजन (वजन विचाराच, काही मंडळी तिथूनच परत जातात आणि स्वयंपाक पुरतो), आणि मग 'अ‍ॅलर्जी' हा रकाना. त्यात लोक 'सोमवारची', 'साहेबांची' असलं काहीबाही लिहितात, तुम्ही ते मोठ्याने वाचून दाखवता, हशा पिकतो. अख्ख्या कागदात कामाची ओळ तेवढी एकच होती, हे शेंगदाणा न चालणाऱ्या पाहुण्याचे ओठ सुजायला लागले की लक्षात येईल. 'सध्या चालू असलेली औषधं' अशीही एक ओळ घाला असं सुचवणार होतो, पण इतकं खरं रुग्णालय कुणाला हवंय?

आता पदार्थ. या मेजवानीत मान पेट्री डिशमधल्या (प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या बशीतल्या) जेलीचा, आणि ही कल्पना आपलीच असं बेलाशक सांगा. वस्तुस्थिती अशी की ही जेली धरवणारं आगर (समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ) हे मूळचं स्वयंपाकघरातलंच. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेस जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळायचं, आणि न वितळलेलं काही जंतूच पचवून पातळ करायचे. १८८१ मध्ये त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी सुचवलं, मी जेलीला आगर वापरते, ते उकाड्यातही मोडत नाही, ते घेऊन पाहा. ज्यूलियस रिखार्ड पेट्री यांची झाकणाची बशी त्यानंतर, १८८७ मध्ये आली. म्हणजे तुम्ही करताय ते जंतूंच्या तोंडचा घास काढून पुन्हा माणसाच्या पानात वाढणं.

९० मिलिमीटर व्यासाची बशी घ्या, कोरी आणि सीलबंद. प्रयोगशाळेत काम करणारा मित्र 'धुऊन देतो' म्हणाला तर त्याचे आभार मानून विषय बदला. एका बशीत २० मिलिलिटर मावतं, म्हणजे दहा बशांना २०० मिलिलिटर द्रव आणि साधारण २ ग्रॅम आगरची पूड. पूड गार द्रवातच घोटून घ्यायची, मग ढवळत उकळी आणायची आणि दोन मिनिटं उकळू द्यायची. गरम द्रवात पूड टाकलीत की गुठळ्या होतात, आणि त्या कितीही ठेचल्या तरी फुटत नाहीत. लिंबाचा रस शेवटी, आचेवरून उतरवल्यावर. आंबट द्रवात उकळलेलं आगर नीट धरत नाही. ओतण्याआधी ६० अंशांपर्यंत निवू द्या, नाहीतर पातळ प्लास्टिकची बशी वाकते, आणि लगेच झाकण लावलंत तर आतून वाफ धरून तुमची सगळी कारागिरी धुक्यात जाते. ४० अंशांच्या आसपास ते आपोआप धरतं, फ्रिजचीही गरज नाही. वरून घट्ट दह्याचे ठिपके, फळाच्या गराचे गोल, खसखशीची किनार. ही जंतूंची 'वसाहत' इतकी हुबेहूब दिसते की दहापैकी सहा बशा तशाच परत येतात. उरलेलं तुम्हालाच खायचंय हे धरून चव ठेवा.

सिरिंजमधल्या जेलीला मात्र आगर चालत नाही, तिथे जिलेटिन. कारण सोपं आहे. जिलेटिन अंगाच्या उष्णतेला पाघळतं, आगर पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. पाहुणा कितीही तापट असला तरी तिथवर जात नाही. २५० मिलिलिटरला ७ ग्रॅम जिलेटिन गार पाण्यात दहा मिनिटं फुलवायचं, मग कोमट द्रवात विरघळवायचं, उकळायचं नाही. ताज्या अननसाचा, पपईचा किंवा किवीचा रस घातलात तर रात्रभर वाट पाहूनही सरबतच राहील, कारण त्या फळांतली प्रथिनं पचवणारी द्रव्यं जिलेटिनलाच पचवून टाकतात. डबाबंद अननस चालतो, तो शिजवलेला असतो. २० मिलिलिटरची सिरिंज, अर्थातच सुईशिवाय. तोंडाने औषध पाजायची मिळाली तर उत्तम, तिला सुई बसतच नाही. भरण्याआधी दट्ट्या एकदा वरखाली करून सैल करा आणि भरून झाल्यावर चार तास फ्रिजमध्ये आडव्या ठेवा. हे टाळलंत की काय होतं तेही ऐका. थंडीने दट्ट्या चिकटतो, पाहुणा अंगठ्याने जोर लावतो, काहीच हलत नाही, तो आणखी जोर लावतो, आणि २० मिलिलिटर लाल जेली एका दमात समोरच्याच्या शर्टावर जाऊन बसते. अर्धा मिनिट सिरिंज दोन्ही तळव्यांत धरा म्हणावं, कडेची जेली सुटते. आणि वाढण्यापूर्वी टोकाची छोटी टोपणं तुम्ही स्वतः काढून मोजून घ्या. दहा सिरिंजना नऊ टोपणं निघाली, तर दहावं कुणाच्या घशात आहे हे शोधणं हा पार्टीतला खेळ नव्हे.

सलाईनच्या स्टँडवरून सरबत पाजायची कल्पना सगळ्यांनाच सुचते, हिशेब मात्र कुणी करत नाही. साध्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचं १ मिलिलिटर होतं. मिनिटाला ६० थेंब म्हणजे ३ मिलिलिटर. ३०० मिलिलिटरचा पेला भरायला १०० मिनिटं. ८ वाजता लावलेलं सरबत ९ वाजून ४० मिनिटांनी संपेल, तेही रसात गर नसेल तर; एक कण थेंबांच्या कुपीतल्या जाळीत अडकला की सगळं ठप्प. हौसेने लहान मुलांचा सेट आणलात तर त्याचे ६० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, त्याच वेगाने तोच पेला पाच तासांनी भरतो. रात्रपाळीला कुणालातरी थांबवा. फसफसणारं पेय तर त्या पिशवीत घालूच नका, ती गणपतीच्या पोटासारखी फुगते. आणि कुणी ओळखीतून रक्तपेढीची खरी पिशवी आणून देत असेल तर हात जोडा. त्यात रक्त गोठू नये म्हणून द्रावण आधीच भरलेलं असतं, ३५० मिलिलिटरच्या पिशवीत ४९ मिलिलिटर आणि ४५० च्या पिशवीत ६३. अन्नासाठी बनवलेल्या, तशाच दिसणाऱ्या कोऱ्या पिशव्या मिळतात त्या घ्या.

रक्ताचं पाणी करून लोक घरं बांधतात, तुम्हाला पाण्याचं रक्त करायचंय. टोमॅटोच्या सॉसने ते नारिंगी होतं, बीटने गुलाबी. बीटच्या रसात साखरेचा घट्ट पाक आणि चिमूटभर कोको घातलात की जमतं. दाटपणा तपासायचा तो ताटलीच्या उभ्या कडेवर: ओघळ सावकाश उतरला आणि मागे पातळ पडदा राहिला तर बरोबर. पांढऱ्याशुभ्र चादरीवर ते सांडा, फोटो झकास येतो. चादर मात्र पुढच्या पार्टीसाठीच राहील.

बर्फाचा हात हाही लोकप्रिय प्रकार. हातमोजे घ्या; पूड लावलेले असतील तर आतून धुऊन घ्या, पाणी भरा, गाठ मारा, रात्रभर गोठवा. सोलताना मनगटाकडून कात्रीने चिरत या आणि कोमट पाण्याची धार सोडा. ओढून काढायला गेलात तर बोटं तुटतात, नेहमी करंगळी पहिली. रबरी लॅटेक्सचे मोजे नकोत. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना केळं, किवी, अ‍ॅव्होकाडोही सोसत नाही, आणि तुम्ही नेमकं फळांच्या पेयात तो हात तरंगवणार आहात. ज्यांना वाफा हव्यात त्यांनी कोरडा बर्फ (ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बाहेरच्या भांड्यात ठेवावा, पेल्यात कधीच नाही. तो उणे ७८.५ अंशांचा असतो आणि घोटासोबत पोटात गेला तर पुढचं जेवण खऱ्या वॉर्डात होतं.

सध्या काळ्या कुळकुळीत पावाचीही टूम आहे, कोळशाची पूड घालून केलेल्या. विषबाधा झालेल्याला देतात तोच हा कोळसा. तो पोटातलं विष धरून ठेवतो तसाच पाहुण्याने तासाभरापूर्वी घेतलेली गोळीही धरून ठेवतो. रक्तदाबाची असो नाहीतर संततिनियमनाची, त्याला भेदभाव नाही. 'चालू असलेली औषधं' ही ओळ केसपेपरवर असती तर, असं कुणी नंतर म्हणालंच तर थीमकडे बोट दाखवा.

गोळ्यांच्या बाटल्यांत गोड गोळ्या भरणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट प्रकार. जुन्या बाटलीच्या तळाशी राहिलेली पेनिसिलिनची भुकटी ज्याला सोसत नाही त्याला पुरेशी होते. आणि तुमच्या घरी आलेलं चार वर्षांचं पोर त्या रात्री एक धडा घरी घेऊन जातं: गोळ्यांच्या बाटलीत खाऊ असतो. पुढच्या आठवड्यात ते आजीच्या कपाटापाशी उभं असेल. इथे मात्र थट्टा नाही. काचेच्या साध्या बरण्या वापरा.

आणि आता ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते. यजमान थीमच्या मागे हात धुऊन लागतो, पण हात काही धूत नाही. हिरवा गाऊन घालतो, मास्क लावतो, मोजे चढवतो आणि त्याच मोज्यांनी फोन, दाराची कडी, कच्चं चिकन आणि सॅलड हाताळत फिरतो. डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू एकदम घटले, आणि डॉक्टरांना राग आला. आमचे हात घाणेरडे म्हणता? पावणेदोनशे वर्षांनी तुमच्या स्वयंपाकघरातही हीच भावना शाबूत आहे. रुग्णालयाचं सगळं उचललंत, साबण तेवढा तिथेच राहिला.

त्यातच सजावट मोडायची नाही म्हणून ताटं साडेसहाला मांडलेली असतात आणि जेवण साडेनऊला. शिजवलेलं अन्न खोलीच्या हवेत दोन तासांवर ठेवायचं नसतं. हातावरचे स्टॅफिलोकोकस जंतू क्रीमच्या पदार्थात वाढून जे विष सोडतात, ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, आणि ते १ ते ६ तासांत उलट्या सुरू करतं. म्हणजे वेळ साधलीत तर गोडाच्या आधीच. शिजवून तसाच ठेवलेला भातही हेच करतो. साल्मोनेला हा जंतू जरा सभ्य, तो ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत वाट पाहतो आणि आळ दुसऱ्या कुणाच्या तरी जेवणावर जातो.

खरा डॉक्टर बोलावू नका. बोलावलात तर त्याला सुट्टीच्या रात्रीही दोन गुडघे, एक पुरळ आणि कुणाच्या तरी काकांचे रिपोर्ट बघावे लागतात, आणि ट्रेमधल्या सॅलडकडे तो ज्या नजरेने बघतो ती पाहून इतरांचीही भूक मरते. शिवाय यादी करताना, ज्याच्या घरचं कुणी आत्ता खरोखर खाटेवर आहे त्याला आधी एक फोन करा. तो 'छे छे, मी येतो' म्हणाला तरी बेडपॅनमधला केक त्या दिवशी राहू द्या.

निरोप देताना डिस्चार्ज कार्ड द्या आणि त्यावर एक ओळ ठळक अक्षरात लिहा: आज बीट खाल्लं आहे. काही लोकांच्या लघवीला बीटने लाल रंग येतो, अपाय काही नाही, पण सकाळी सहाला अर्धवट झोपेत ते दिसलेल्या माणसाला हे सांगायला कुणीतरी हवं. फोन येतील. शांतपणे 'बीट' म्हणा आणि ठेवा. एखाद्याने मात्र 'मी तर बीटला हातही लावला नव्हता' म्हटलं, तर गाऊन काढा, थट्टा बाजूला ठेवा आणि त्याला खऱ्या डॉक्टरकडे पाठवा.